जंगल तुमचं, टीपी आमची

वनहक्कांचा विषय निघाला की शहरातले मित्र ठरलेला प्रश्न टाकतात, ‘गावाच्या हातात जंगल दिलं तर ते उरेल का?’ मी विचारतो, सरकारच्या हातात होतं तेव्हा किती उरलं? मग विषय क्रिकेटकडे वळतो.

पण माझं दुखणं वेगळंच आहे. गावाच्या हातात जंगल देतंय कोण? बहुतेक ठिकाणी दिला जातो तो कागद. त्या कागदावर पोट भरायचं तर पुन्हा साहेबाची सही लागते.

मेंढा-लेखाचंच घ्या. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं शंभरेक घरांचं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आपण सगळ्यांनी कधी ना कधी शेअर केलेली असते. या गावाच्या लढ्यातली देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावंही ऐकलेली असतात. त्यामागची मेहनत मात्र पोस्टरवर मावत नाही. तिथं हात वर करून बहुमतानं निर्णय होत नाहीत. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीला जातो, पुन्हा चर्चा, पुन्हा अभ्यासगट. आपल्या सोसायटीच्या सभेत पार्किंगचा प्रश्न असा सोडवून बघा, मग कळेल.

जंगलावरचा गावाचा हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा २००६ चा. मेंढा-लेखाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला २००९ मध्ये. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. फोटो निघाले, बातम्या आल्या. मग गावानं ठरवलं, आपला बांबू आपण विकायचा. आणि वनखात्यानं वाहतूक परवाना, म्हणजे ज्याला तिकडे सगळे टीपी (ट्रान्झिट पास) म्हणतात, तो द्यायला नकार दिला. का? तर १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार बांबू हे झाड, म्हणून ते लाकूड, म्हणून ते आमचं. २००६ च्या कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे लाकडाखेरीजचा जंगलातला माल, आहे असं स्वच्छ लिहिलेलं असूनही!

ही टीपी म्हणजे काय चीज आहे ते जंगलाबाहेरच्यांना कळत नाही. ट्रकमध्ये किती माल, कुठून निघाला, कुठे चालला याचा तो कागद. वनखात्याच्या नाक्यावर तो दाखवायचा. नसेल तर तुमच्याच जंगलात तुम्हीच तोडलेला बांबू चोरीचा ठरतो आणि ट्रक जप्त होतो. असा माल घ्यायला कुठला व्यापारी येईल? म्हणजे हक्क शाबूत, बाजार बंद. आणि याच भागातला बांबू कागद कारखान्यांना वर्षानुवर्षं लीजवर कवडीमोलानं जात होता, तेव्हा कुणाला जंगलाची काळजी वाटली नव्हती.

शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका पावतीबुकासाठी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री! पण त्या दिवसापासून चित्र पालटलं. ग्रामसभेनं निविदा काढल्या, पॅन कार्ड काढलं, बांबूचा व्यवहार लाखांमध्ये गेला. तोडायचं कसं तेही गावच ठरवतं. बांबूच्या बेटातले कोवळे, यंदाचे बांबू राखायचे, जुने काढायचे. पुढच्या पावसात वास्ते, म्हणजे नवे कोंब, फुटले नाहीत तर आपल्याच पोराबाळांचं नुकसान, हे तिथं कुणाला शिकवावं लागत नाही.

याउलट नव्वदच्या दशकातलं संयुक्त वन व्यवस्थापन आठवा. गावात समिती, पण समितीचा सचिव वनखात्याचा माणूस. राखण गावानं करायची, आग गावानं विझवायची, हिशेबाची वही साहेबाकडे. त्याला भागीदारी म्हणायची पद्धत होती. २०१४ मध्ये राज्यानं ग्रामवन नियम आणले, तेही याच वाटेनं जाणारे. वनहक्क कायदा असताना खात्याच्या अंगठ्याखालची दुसरी व्यवस्था कशाला, असा आक्षेप तेव्हा केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानंच घेतला होता.

आता दुसरी बाजू. गाव म्हणजे काही संतांचा मेळा नव्हे. तिथंही दांडगे असतात, दारू असते, बायकांना सभेत मागे बसवणारे असतात. तेंदूच्या, म्हणजे बिडीच्या पानांच्या, हंगामात ठेकेदार येतो, बोली फुगवतो, पानं उचलतो आणि पैसे थकवतो, असे प्रकार गडचिरोलीत झालेत. लिलाव करायचा अधिकार मिळाला, पण करारनामा वाचून दाखवणारा, ठेकेदाराकडून अनामत घ्यायला लावणारा माणूस ग्रामसभेजवळ नव्हता. खात्याकडे अख्खी कचेरी असते, ग्रामसभेकडे एक पेटी आणि बारावी झालेला एक पोरगा. मग चूक झाली की लगेच ‘बघा, झेपत नाही यांना’. अहो, शंभर वर्षं तुम्हालाही कुठे झेपलं?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट मला म्हणूनच फार आवडते. त्यांनी तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. कारण चांगली पालवी यावी म्हणून तेंदूची झुडपं छाटतात, आगी लागतात, फांद्या मोडतात, टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, खायला मिळत नाहीत. हातात येणारा नगद पैसा सोडून दिला आणि बांबूवर भर दिला. असा निर्णय मंत्रालयातून कधी निघाला असता? महसुलाचं उद्दिष्ट आडवं आलं असतं.

म्हणून माझ्या मते खरी परीक्षा ‘नाही’ म्हणण्याच्या अधिकाराची आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरातलं बॉक्साइट काढायचं की नाही, हे ग्रामसभांना विचारा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि तो डोंगर वाचला. आपल्याकडे गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या लोहखनिजाला विरोध करणारे ठराव ग्रामसभांनी केलेत. त्यांना कुणी असं रीतसर विचारलं? खाण सुरू आहे, ट्रक रात्रंदिवस धावतायत. बांबूच्या टीपीसाठी तेव्हा मंत्री गावात आले होते. या ठरावांचं काय झालं ते विचारायला कुणी मंत्री गावात गेल्याचं मला तरी आठवत नाही.