मेट्रो खालून जाताना घ्यावयाची काळजी

स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रो होणार म्हटल्यावर पुण्याच्या साडूंचा फोन आला, "तुम्ही अनुभवी, काय तयारी करू?" त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. सल्ला फुकट आहे. खोलीचा भाव वाढेल तेव्हा आठवण ठेवा.

आधी बोगदा खणणाऱ्या यंत्राचं नाव विचारून घ्या. मुंबईत कुलाबा–वांद्रे–सीप्झ मार्गासाठी अशी १७ यंत्रं जमिनीत उतरवली आणि त्यांना नद्यांची नावं दिली. कृष्णा, गोदावरी, वैतरणा, तानसा. यामागचा विचार थोर आहे. रात्री अडीचला पलंग थरथरला की तोंडात शिवी येते, पण गोदावरीला शिवी द्यायची कशी? पडल्या पडल्या हात जोडायचे, स्नानाचं पुण्य मिळतं.

कायद्याच्या नादी लागायचंच असेल तर तोही तुमच्याच बाजूचा आहे. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. (दुपारची झोप कायद्याला ठाऊक नाही, हे साडूंना सांगताना मला फार जड गेलं.) कफ परेडच्या एका रहिवाशाच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रात्रीचं काम थांबवलंही होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये ते अटी घालून पुन्हा सुरू झालं. म्हणजे मधले आठ महिने काही लोक झोपले. आणखी काय पाहिजे?

तक्रार केलीत की आवाज मोजायला माणूस येईल. त्याला चहा द्या, पण त्याच्या हातातल्या यंत्राशी हुज्जत घालू नका. ते माणसाच्या कानासारखं ऐकायला शिकवलेलं असतं. कानाला खर्जातला आवाज कमी ऐकू येतो, म्हणून तेही खर्जाचे गुण कापतं. ५० हर्ट्झच्या आसपासची घरघर असेल तर जवळजवळ ३० डेसिबल वजा! कोकिळेला पैकीच्या पैकी आणि रेड्याला सूट. आता जमिनीखालून येते ती नेमकी घरघरच. पण पलंगाला कान नसतात, पाय असतात, आणि ते जमिनीवर टेकलेले असतात, ही काही त्या माणसाची चूक नव्हे.

दुहेरी काचांच्या खिडक्या जरूर बसवा. ही घरघर खिडकीतून येतच नाही, इमारतीच्या पायातून भिंतीत आणि भिंतीतून तुमच्यापर्यंत चढते. त्यामुळे काचा लावल्या की रस्त्यावरची रहदारी गप्प होते आणि घरघर कशी स्वच्छ ऐकू येते. आमच्या शेजाऱ्यांनी बसवल्या. ते आता गॅलरीत झोपतात.

भिंतीला तडा गेला तर घाबरू नका. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून जातात. पट्टी तुटली तर तडा वाढला, असं साधं शास्त्र. आमची पट्टी मोरीच्या भिंतीवर होती, ती एका सकाळी दुभंगलेली दिसली. साहेब आले. वाकून पाहिलं. "काका, कुणाचा हात लागला का?" मोरीत आम्ही सहा जण अंघोळ करतो, तेव्हा मीही थोडा गांगरलो. ते नवी पट्टी लावून गेले. ती अजून शाबूत आहे, त्यामुळे नोंदवहीत आमचा तडाही नवाकोरा आहे.

मग एक दिवस गाडी सुरू होते. रुळांखाली रबर घातलेलं असतं म्हणून पूर्वीसारखा त्रास नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. फक्त तांब्यावर पालथं घातलेलं फुलपात्र दर काही मिनिटांनी किणकिणतं. पहिले पंधरा दिवस हिने ते उचलून ठेवलं होतं. मीच परत जागेवर ठेवायला लावलं. ते वाजलं की मी चपला घालतो, पुढची गाडी बरोबर मिळते.