बारा मोटा आणि माझा तेरावा फेरा

लग्नाला अकरा वर्षं झाली आणि साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीत मी तेराव्यांदा उतरत होतो. सासर पुण्याचं. तिकडून कुणी आलं की फुलांच्या दिवसांत कासला, एरवी विहिरीला. पेट्रोल माझं, कंदी पेढे माझे, माहितीही माझीच.

पहिल्या खेपेला मला नुसती विहीर दिसली. 'खोल आहे हो' एवढं म्हणून मी वर येऊन उसाचा रस प्यालो होतो. तिसऱ्या खेपेला शिलालेख दिसला आणि तिथून पुढं मी गाईडच झालो. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. शाहू महाराजांचा काळ, बांधणाऱ्या विरूबाई भोसले, खोली ११० फूट, आकार अष्टकोनी, पाणी आमराईला. हे सगळं एका दमात म्हणायचं आणि पाहुण्यांकडं न बघता चालू लागायचं. प्रश्न येत नाहीत.

या वेळी साडूंचा नऊ वर्षांचा चिरंजीव बरोबर होता. त्याला चालू लागणारा माणूस अडवता येतो.

"काका, मोट म्हणजे काय?"

सांगितलं. पाणी उपसायची कातड्याची पिशवी. बैल धावेवरनं, म्हणजे काठच्या उतारावरनं, खाली उतरतात, नाडा म्हणजे दोर ताणला जातो, भरलेली मोट वर येते आणि काठावरच्या थारोळ्यात रिकामी होते.

"मग इथं पंधरा जागा कशाला?"

"बारा आहेत. नावातच आहे."

तो परत मोजायला गेला. मीही गेलो, गंमत म्हणून. माझ्या चौदा भरल्या, साडूंच्या पंधरा. एवढ्यात म्हशी घेऊन निघालेले एक आजोबा थांबले. "पंध्राच हायती. चालायच्या बारा." आणि म्हशींमागं निघूनही गेले. अकरा वर्षं मी शिलालेख पाठ म्हणत होतो. ज्यावरून विहिरीला नाव पडलं, ते मोजायचं कधी सुचलंच नाही. सौभाग्यवती तोंडाला पदर लावून हसत होत्या.

अब्रू सावरायला मी पोराला भिंतीवरचा शरभ, सिंहासारखा दिसणारा काल्पनिक प्राणी, दाखवला. हे मात्र माझं हुकमी पान. पाहुणे 'सिंह' म्हणतात, मग मी हळूच 'शरभ' म्हणतो.

"काका, त्यानं हत्ती धरलेत."

"कुठं?"

"पंजात. ते बघा ना!"

खरंच धरले होते. बोटाएवढ्या सोंडा, पंजाच्या कडेनं लोंबकळलेल्या. मांजरानं उंदीर दाबावा तसे दाबलेले, आणि शरभाच्या चेहऱ्यावर काही विशेष नाही. बारा वेळा मी त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढून घेतले होते. पाठ त्याच्याकडं करून.

परत गाडीत बसलो. चावी फिरवली, पट्टा लावला.

"काका, पलीकडच्या शरभाच्या पंजात किती होते?"

मी गाडी बंद केली.