लिस्बनच्या पंडितांचं बरोबर होतं

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून फिरून येतो. युरोप पृथ्वी सपाट समजत होता, कडेवरून खाली कोसळू म्हणून त्यांचे खलाशी कापत होते, आणि आपल्या आर्यभटाने मात्र ती गोल असल्याचं केव्हाच सांगून ठेवलं होतं. मी लिस्बनमध्ये राहतो, म्हणून मला हमखास टॅग करतात: ‘सांग तुझ्या पोर्तुगीजांना!’

आर्यभटाचं खरंच आहे. इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त पृथ्वी गोल आहे. पण सपाट युरोपाचं काय? ग्रहणात चंद्रावर पडणाऱ्या सावलीवरून ॲरिस्टॉटलने पृथ्वी गोल ठरवली होती, एराटोस्थेनिसने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात तिचा परीघ मोजला होता, आणि तेराव्या शतकापासून युरोपच्या विद्यापीठांत साक्रोबोस्को या पंडिताचं आकाश आणि पृथ्वीच्या गोलावरचं पुस्तक शिकवलं जात होतं. सपाट पृथ्वीवाल्या पाद्र्यांशी झुंजणारा कोलंबस लोकांच्या मनात ठसवला तो वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने, १८२८ च्या कोलंबस-चरित्रात. कोलंबसला मोठं करणारी गोष्ट आपण युरोपला लहान करायला वापरतो, ही मला यातली खरी गंमत वाटते.

वाद आकाराचा नव्हताच, मापाचा होता, आणि तो याच शहरात झाला. कोलंबस १४८४ च्या सुमारास पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव याच्याकडे पश्चिमेकडून आशिया गाठायची योजना घेऊन आला. त्याच्या हिशेबाने कॅनरी बेटांपासून पश्चिमेला जपान जेमतेम ४,५०० किलोमीटर. प्रत्यक्षात ते अंतर १९,००० च्या वर आहे. पृथ्वीच्या मापाचे अल्-फरगानी या खगोलज्ञाचे आकडे अरबी मैलांत होते, कोलंबसने ते आखूड इटालियन मैल धरले. राजाच्या जाणकारांनी योजना फेटाळली, आणि त्यांचं बरोबर होतं. मध्ये अमेरिका आडवी आली नसती तर त्याची माणसं भर समुद्रात उपाशी मेली असती. पुढे १४९८ च्या सफरीत तर या गृहस्थाने पृथ्वी नाशपतीसारखी आहे असंही लिहिलं.

त्या जाणकारांतला एक होता जुझे व्हिझिन्यो, ज्यू खगोलज्ञ. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ध्रुवतारा दिसत नाही, तिथे अक्षांश काढायचा तर सूर्याची उंची मोजून कोष्टकं चाळावी लागतात. ती कोष्टकं अब्राहम झाकुतो या ज्यू पंडिताची. व्हिझिन्योने त्यांचं भाषांतर केलं आणि १४९६ मध्ये ती लैरिया या पोर्तुगीज गावात छापली गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राजा मानुएलने ज्यूंना देश सोडायचा हुकूम काढला. १४९७ मध्ये सक्तीचे बाप्तिस्मे झाले, झाकुतो ट्युनिसला निघून गेला, आणि त्याच १४९७ च्या जुलैत वास्को द गामा त्याची कोष्टकं घेऊन भारताकडे निघाला.

लिस्बनच्या बेलें भागात नदीकाठी दर्यावर्दींचं जे अजस्र स्मारक आहे ते हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत १९६० साली उभं राहिलं, गोवा हातचा जाण्याच्या वर्षभर आधी. त्यावरच्या ३३ पुतळ्यांत गोवा जिंकणारा आल्बुकर्क आहे, फ्रान्सिस झेवियर आहे. झाकुतो नाही, व्हिझिन्योही नाही. इथे निदान भांडण तरी उघड चालू असतं: २०१८ मध्ये या सफरींच्या नियोजित संग्रहालयाला ‘शोधांचं संग्रहालय’ म्हणू नका, असं जाहीर पत्र शंभराहून अधिक अभ्यासकांनी काढलं, त्या नावातून इतिहासाची एकच बाजू दिसते म्हणून. त्यांनाही ‘देशद्रोही’ ऐकावंच लागलं असेल. मला ग्रुपवर ‘तिकडचं पाणी लागलं’ एवढ्यावरच सोडतात.

आपल्याकडे झाकुतोच्या जागी मला भास्कराचार्य दिसतात. त्यांना कुणी हाकललं नाही. आपण त्यांचं नाव जपलं आणि भांडण गाळलं. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ते विचारतात, पृथ्वी आरशासारखी सपाट असेल तर वर फिरणारा सूर्य देवांप्रमाणे माणसांनाही सदैव का दिसत नाही? परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, म्हणून आपली फसगत होते, असंही ते सांगतात. हा प्रश्न युरोपला नव्हता, मेरूभोवती सपाट पृथ्वी मांडणाऱ्या आपल्याच पुराणांना होता. तो वाद मिटला म्हणावं तर तसंही नाही. १८३६ साली सीहोरच्या सुबाजी बापू या पंडितांना मराठीत पुस्तक लिहून पुन्हा तेच पटवावं लागलं.

तेव्हा मंडळी, पुढच्या खेपेला मला खुशाल टॅग करा. फक्त भास्कराचार्य कुणाशी भांडत होते, तेही त्या मजकुरात येऊ द्या.