‘माणूस वावरात, बाई घरात’ हे आमच्या गावात कधी होतं?

भाऊ, तुमची प्रतिक्रिया वाचून पहिल्या दिवशी रागच आला, म्हणून उत्तर लिहायला बसले नाही. चार दिवस गेले, राग उतरला. तुम्ही मन लावून लिहिलं आहे, तर उत्तरही तसंच द्यावं म्हणून आज बसले.

ज्यांनी मागचं वाचलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी सांगते. वेचणीच्या दिवसांत मी सकाळी सातला वावरात जाते आणि घरची भाजी-भाकर आमचे हे करतात, अंगणही तेच झाडतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर भाऊंचं म्हणणं असं की एका घरात माणसानं भाकर थापली म्हणून गाव बदलत नाही. आपल्याकडे ‘माणूस वावरात, बाई घरात’ अशी कामाची वाटणी होती, म्हणून घरं टिकली. त्यांच्या आईनं जन्मभर कष्ट केले पण कधी तक्रार केली नाही. माणसाच्या हातात झाडू पाहून त्यांना वाईट वाटलं. आणि शेवटी त्यांनी विचारलं आहे, ‘अशा घरातल्या मुलाला उद्या मुलगी कोण देणार?’

पहिलं म्हणणं मला मान्यच आहे. सरकारनं २०१९ साली देशभर लोकांच्या चोवीस तासांचा हिशोब घेतला होता. त्यात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका १०० पैकी ८१ निघाल्या आणि पुरुष २६. जे पुरुष करतात त्यांचीही दिवसाची ९७ मिनिटं भरली, बायकांची २९९. आमच्या गावातही चुलीपुढे बसणारी माणसं मी बोटांवर मोजून सांगू शकते. गाव बदललं असं मी लिहिलं नव्हतं. आमच्या घरात काय बदललं आणि कशामुळे, एवढंच लिहिलं होतं.

त्यातलं ‘कशामुळे’ नीट सांगायचं राहिलं, ते आता सांगते. आमचं वावर चार एकर. घरचा कापूस आटोपला की मी दुसऱ्यांच्या वावरात मजुरीनं वेचायला जाते. वेचणीची मजुरी दिवसावर नसते, किलोवर असते. यंदा आमच्याकडे किलोला दहा रुपये होते. कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करत ओळ धरून पुढे सरकायचं. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या मुळाशी घुसतात, आठ दिवसांत बोटं अशी होतात की कणीक मळताना मीठ लागलं तरी झोंबतं. संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वजनकाटा लागतो, ज्याचं वावर तो वहीत वजन लिहितो. माझा हात चाळीस किलोच्या पुढे जात नाही. तासाला पाच किलो धरा. सकाळचे दोन तास चुलीपुढे गेले म्हणजे शंभर रुपये गेले. हा हिशोब मी मांडला नाही, आमच्या ह्यांनी मांडला. एका रात्री वही पाहत म्हणाले, “तू सकाळीच निघत जाय. भाकरीचं मी पाह्यतो.”

पहिला महिना भाकर तव्यावर टाकायच्या आधीच तुटायची. मग माझ्या सासूनं खाटेवरून सांगितलं की ज्वारीच्या पिठाला पाणी उकळतं घ्या. आता भाकर फुगते, चून म्हणजे पिठलंही चांगलं होतं. घरात एवढंच झालं. कोणी भाषण दिलं नाही, कोणी कोणाला हरवलं नाही.

आता तुमच्या वाटणीकडे येते, कारण खरं दुखलं ते तिथे. माणूस वावरात आणि बाई घरात, हे भाऊ तुम्ही कोणत्या गावात पाहिलं? आपल्या जिल्ह्यात तर नाही. तुमचं बालपण आणि माझं एकाच काळातलं दिसतं, तर आठवून पाहा. पेरणीला तिफण माणूस हाकायचा आणि मागे सरतं, म्हणजे बी सोडायची नळी, धरून ओटीतली तूर मुठीनं सोडत कोण चालायचं? सरकी टोबायला, म्हणजे हातानं मातीत लावायला, कोण? निंदण, म्हणजे तण काढणं, कोणाचं? वेचणी कोणाची? बाई वावरातच होती. वावरातून आल्यावर घरातही होती, फरक तेवढाच.

आणि ही वाटणी कधी एका जागी थांबलेलीही नव्हती. माझी आजी जात्यावर दळायची. जातं ओढणारा पुरुष तिनं कधी पाहिला नसेल. मग गावात चक्की आली, वीज आली, आणि दळण पैशाचं झालं. चक्कीवर पट्टा चढवायला पुरुष बसला. बायका डब्यात दाणे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. विहिरीवरून पाणी आणणं बाईचं होतं. मोटार बसली तशी बटण दाबायला माणूस आला. निंदणाचं तर माझ्या डोळ्यांदेखत झालं. पावसाळाभर आम्ही वीस-पंचवीस जणी रोज कोणाच्या तरी वावरात असायचो, निंदणाच्या पैशावर पोरांची पुस्तकं यायची. तणनाशक आलं आणि चार दिवसांचं काम एका पंपानं दुपारपर्यंत व्हायला लागलं. पंप पुरुषाच्या पाठीवर, मजुरी पुरुषाच्या हातात. आमचे निंदणाचे दिवस निम्म्यावर आले.

त्या वेळी कोणी लिहिलं नाही की दळण तर बाईचं होतं, पुरुष कसा काय करतो, आता घर टिकणार नाही. बाईचं काम यंत्रासकट आणि मजुरीसकट पुरुषाकडे गेलं तेव्हा त्याला सुधारणा म्हटलं. आता एका पुरुषानं तवा हातात घेतला तर परंपरा मोडली म्हणता. भाऊ, मला दुखलं ते हे.

ही वाटणी पुरुषालाही सुखाची नव्हती. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते तुम्ही बाहेर राहत असलात तरी ऐकलं असेल. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, फवारा तोंडावर येत होता, आणि कितीतरी शेतमजूर विषबाधेनं दवाखान्यात पडले. २० च्या आसपास माणसं गेली. फवारणी हे माणसाचं काम, त्याला हातमोजे, तोंडाला फडकं काय बांधायचं, असं म्हणत आपली माणसं उघड्या पायांनी पंप घेऊन फिरत होती. आमच्या ह्यांना त्या हंगामात दोन दिवस नीट दिसत नव्हतं. ड्रमात पाणी मी आणून टाकत होते, औषध मी काठीनं ढवळत होते, संध्याकाळी ते भिजलेले कपडे मीच हातानं धूत होते. मोजणीत फवारणारा आला, ढवळणारी आणि धुणारी आली नाही. त्या वर्षापासून आम्ही दोघं मिळून ठरवतो की कोणत्या दिवशी फवारायचं आणि वारा असेल तर नाही. हे आधी विचारायची माझी हिंमत नव्हती, कारण फवारणी ‘त्यांचं’ काम होतं.

झाडूबद्दल जास्त लिहीत नाही. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ज्या गावात कीर्तन असायचं तिथे आधी खराटा घेऊन रस्ता झाडायचे आणि मग उभे राहायचे. त्यांचा फोटो तुमच्याही घरी असेल, हातात खराटा असलेलाच.

तुमच्या आईबद्दल बोलताना मी सांभाळून बोलते. त्यांनी तक्रार केली नाही म्हणता. माझ्या आईनंही केली नाही, निदान वडिलांपुढे आणि आम्हा भावंडांपुढे नाही. पण पहाटे दळायला बसली की ती आजीकडून आलेल्या ओव्या म्हणायची, आणि त्या ओव्यांत सासरचं सगळं असायचं. उपाशी निजणं असायचं, माहेरचा भाऊ न्यायला येत नाही ते असायचं. मी गोधडीत पडल्या पडल्या ऐकायची आणि मला वाटायचं गाणं आहे. चाळिशीत आल्यावर कळलं की ती बोलत होती. तुमच्या आई असतील तर एकदा विचारून पाहा. नसतील तर त्यांच्या बहिणीला, जावेला विचारा. मुलाला जे सांगत नाहीत ते जावेला सांगतात.

आणि घरं टिकली म्हणता, तर ती कोणाच्या नावावर टिकली तेही पाहावं लागेल. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली. माझं लग्न १९९४ नंतरचं. तरी वडील गेल्यावर भावानं हक्कसोडीचा कागद पुढे केला आणि मी सही केली. लुगडं-चोळी घेतली, जेवून परत आले. भाऊ वाईट नाही. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती माझी होती आणि ती भीती गावातल्या प्रत्येक बाईची आहे. हे सांगायला मला आजही जड जातं.

हे विचार पुण्या-मुंबईहून आले असंही तुम्ही सुचवलं आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत तुमचे-माझे काके-मामे होते. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन झालं, ते कपाशीच्या आणि कांद्याच्या वावरातल्या बायकांचं होतं. पुढे त्याच संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. ज्या गावातले शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावानं करून देतील, ते गाव लक्ष्मीमुक्त. तो आपल्याच धोतर-टोपीवाल्या कास्तकारांनी उचलला. माझ्या मामांनी त्या वेळी मामीच्या नावानं दीड एकर केलं होतं. मामा गेल्यावर मामीला कोणाच्या दारात जावं लागलं नाही. आमच्या गावात नवऱ्यानं फास घेतलेल्या बायका आहेत. वारस म्हणून नाव लागेपर्यंत त्यांनी किती खेटे घातले ते मी जवळून पाहिलं आहे. मामीला पाहिलं आणि त्यांना पाहिलं की मला बाकी काही समजावून घ्यावं लागत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मुलगी कोण देणार, हा प्रश्न खरा आहे, पण कास्तकाराच्या पोरांना मुलगी मिळत नाही हे आमच्या ह्यांनी भाकर थापायच्या आधीपासूनचं आहे. नोकरीवाला हवा, शहरातला हवा, हे प्रत्येक स्थळाला ऐकून आमचा पोरगा अठ्ठावीस वर्षांचा झाला.

मागच्या महिन्यात आम्ही शेजारच्या तालुक्यात एक मुलगी पाहायला गेलो. मुलगी बचत गटाच्या बायकांची बँकेची कामं पाहते, गाडी चालवते. चहा झाला, तिच्या बापानं वावर किती, पाणी आहे का, ते विचारलं. मग मुलीला म्हणाले, “तुले काही इचारायचं असन तर इचार.” मला वाटलं ती पोराला पगाराचं विचारेल, नाहीतर स्वयंपाकाचं. तिनं पोराकडे पाहिलं आणि विचारलं, “सातबाऱ्यावर तुमच्या आईचं नाव आहे का?”

पोरगा माझ्याकडे पाहायला लागला. आमचे हे खाली पाहत होते. मग तेच म्हणाले, “नाही बाई. अजून नाही.”

येताना गाडीवर कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांनी भाकरी करून ठेवल्या, माझा डबा भरला आणि स्वतः तलाठ्याकडे गेले. अर्ज दिला आहे, फेरफार अजून व्हायचा आहे. मुलीकडचा निरोपही अजून आलेला नाही.