अहवाल न उघडता मंडलवर बोलावं कसं

१९८९-९० मध्ये पंतप्रधान असलेले विश्वनाथ प्रताप सिंह यांच्याविषयी मत नसणं आता परवडत नाही. राखीव जागांचा विषय निघाला की पाच मिनिटांच्या आत कोणीतरी ‘हे सगळं व्हीपींनी सुरू केलं’ म्हणतं, आणि त्या क्षणी गप्प बसणारा माणूस एक तर लाभार्थी ठरतो किंवा अडाणी. मत हवं म्हटल्यावर काही भाबडे लोक मंडल आयोगाचा, म्हणजे इतर मागासवर्गीयांना (ओबीसींना) राखीव जागा सुचवणाऱ्या आयोगाचा, अहवाल शोधायला लागतात. ते करू नका. अहवाल वाचल्याने मत बदलतंच असं नाही, पण ते लांबतं, आणि लांबलेलं मत ऐकायला कोणी थांबत नाही.

आधी एवढंच ठरवा की सिंह तुमचे खलनायक आहेत की मसीहा. दोन्हींना लागणारं साहित्य जवळपास सारखंच आहे, त्यामुळे नंतर पक्ष बदलावा लागला तरी फार खर्च येत नाही.

खलनायक निवडलात तर त्यांचं आयुष्य ७ ऑगस्ट १९९० ला, मंडल लागू करण्याच्या संसदेतल्या घोषणेपासून सुरू करा. त्याआधीची ५९ वर्षं अडचणीची आहेत. १९८५ च्या अर्थसंकल्पात याच गृहस्थांनी, अर्थमंत्री असताना, प्राप्तिकराचा वरचा दर जवळपास ६२ टक्क्यांवरून ५० वर आणला, आठ टप्प्यांचे चार केले, इस्टेट ड्यूटी (वारशावरचा कर) रद्द केली. मध्यमवर्ग तेव्हा खूश होता. पुढे बड्या उद्योगपतींवर धाडी पडल्या तेव्हा तर आणखी खूश. १९८९ ला ‘राजा नहीं फकीर है’ ही घोषणा ज्यांनी दिली, त्यांत पुढच्याच वर्षी पुतळे जाळणारेही होते. हा तपशील कोणी काढलाच, तर ‘तेव्हा ते चांगले होते, नंतर सत्तेने बिघडले’ असं म्हणा. हे वाक्य कोणत्याही नेत्याला चालतं. घरात एक नेहमी असावं.

त्यानंतर हेतू. इथे मात्र तारखा नेमक्या सांगा, कारण त्या तुमच्या बाजूने आहेत: १ ऑगस्टला उपपंतप्रधान देवीलाल यांना मंत्रिमंडळातून काढलं, ९ ऑगस्टला देवीलालांचा दिल्लीत मेळावा होता, आणि मध्ये ७ तारखेला मंडल बाहेर आलं. शह देण्यासाठीच काढलं, उघड आहे. इथवर आलात की थांबा. मोरारजी देसाईंच्या सरकारने आयोग नेमला, डिसेंबर १९८० मध्ये अहवाल आला, इंदिरा आणि राजीव अशा दोन पंतप्रधानांनी तो जवळपास दहा वर्षं ठेवून दिला, आणि सिंह यांच्या आघाडीच्या १९८९ च्या जाहीरनाम्यात अंमलबजावणीचं आश्वासन होतं, हे पुढे बोलू नका. निर्णयामागचा हेतू राजकीय निघाला की निर्णय आपोआप चुकीचा ठरतो, हे तत्त्व मंडलपुरतंच वापरायचं. कर्जमाफीला, स्मारकांना किंवा तुमच्या जातीच्या आरक्षणाला लावलंत तर हातात काहीच उरणार नाही.

१९९० च्या आंदोलनाबद्दल बोलताना काळजी घ्या. दिल्लीत आणि उत्तर भारतात मुलांनी स्वतःला पेटवून घेतलं, त्यांतली काही गेली. हा भाग खरा आहे आणि भयंकर आहे. म्हणूनच तो वापरताना एक गोष्ट मध्ये येऊ देऊ नका: मंडल लागू करणाऱ्या १३ ऑगस्टच्या आदेशात कॉलेजची एकही जागा नव्हती. केंद्र सरकारच्या मुलकी नोकऱ्यांत, सरळ सेवाभरतीच्या रिक्त पदांपैकी २७ टक्के, एवढाच मजकूर होता. केंद्रीय शिक्षणसंस्थांतला ओबीसी कोटा २००६ च्या कायद्याने आला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तो मान्य केला. तोवर सिंह सत्तेबाहेर जाऊन दीड तप उलटलं होतं. पण मेडिकलची सीट गेली ती व्हीपींमुळे, असं सांगणाऱ्या काकांना या वयात दुरुस्त करून काय मिळणार?

आता मुख्य पदार्थ: ‘निकष आर्थिक असायला हवा होता.’ हे वाक्य सर्वांत सुरक्षित, कारण समोरच्यालाही बहुधा मंडलचे निकष ठाऊक नसतात. ते असे होते. एकूण अकरा. चार सामाजिक: इतर लोक त्या जातीला मागास मानतात का, पोट अंगमेहनतीवर आहे का, सतराच्या आत लग्नं राज्याच्या सरासरीपेक्षा किती जास्त, बायकांचं कामावर जाण्याचं प्रमाण किती. या प्रत्येकाला ३ गुण. तीन शैक्षणिक: कधीच शाळेत न गेलेली ५ ते १५ वयाची मुलं, शाळागळती, मॅट्रिक झालेले. प्रत्येकी २ गुण. चार आर्थिक: कुटुंबाची मालमत्ता, कच्ची घरं, अर्ध्या किलोमीटरपलीकडचं पिण्याचं पाणी, आणि रोजच्या खर्चासाठी काढलेलं कर्ज. प्रत्येकी १ गुण. बेरीज २२, ज्या जातीला ११ किंवा अधिक मिळाले ती मागास.

म्हणजे आर्थिक निकष होते, पण २२ पैकी ४ गुणांचे. खरा आक्षेप इथे घेता येतो. पाण्यासाठी अर्धा किलोमीटर चालण्याला एक गुण आणि शेजाऱ्यांच्या मताला तीन, हे वजन कोणी आणि कशावरून ठरवलं? शिवाय पाहणीसाठी प्रत्येक जिल्ह्यातली दोन गावं आणि एक शहरी भाग घेतला, आणि अहवालातल्या यादीत जाती निघाल्या ३,७४३. एवढ्याशा नमुन्यातून एवढी यादी कशी आली, हा प्रश्न विचारणारा माणूस मंडलसमर्थकालाही खुर्चीत चुळबुळ करायला लावतो. पण तो विचारायचा तर आधी अहवाल उघडावा लागतो, आणि आपण नेमकं तेच टाळतोय. तेव्हा ‘गरिबाला जात नसते’ म्हणा आणि चहा मागवा.

मसीहा पक्षातल्यांनी एवढ्यात हसू नये. तुमचा ५२ टक्क्यांचा आकडा घ्या. तो मोजून आलेला नाही, वजाबाकीने आलाय. अनुसूचित जाती-जमाती २२.५६, हिंदूंखेरीज इतर धर्मीय १६.१६ आणि पुढारलेल्या हिंदू जाती १७.५८, हे शंभरातून काढले की उरतात ४३.७०. त्यात इतर धर्मांतल्या मागासांचे ८.४० मिळवले की ५२.१०. यातली जातींची टक्केवारी शेवटी १९३१ च्या जनगणनेवर उभी आहे. (सिंह यांचा जन्मही १९३१ चाच. योगायोग म्हणून सोडून द्या, पण भाषणात छान बसतो.) राष्ट्रीय नमुना पाहणीने २००४-०५ मध्ये ओबीसींचं प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास दाखवलं. दोन आकडे दोन वेगळ्या रीतींनी निघतात, एवढं सांगून मोकळं होता येतं. पण सभेत ‘बावन्न’ला जी टाळी पडते ती ‘रीतीवर अवलंबून आहे’ला पडत नाही. मग ५२ टक्के लोकांना २७ च का दिले? अनुसूचितांचे २२.५ आणि हे २७ मिळून ४९.५ होतात, आणि पन्नासच्या वर जायला न्यायालय तयार नव्हतं, म्हणून.

पन्नासच्या मर्यादेवर बोलताना महाराष्ट्रातल्या वाचकाने बेरीज तोंडी करू नये. अनुसूचित जातींचे १३, जमातींचे ७, ओबीसींचे १९, भटक्या-विमुक्तांचे चार गट मिळून ११, विशेष मागास प्रवर्गाचे २: झाले ५२. त्यात आर्थिक दुर्बलांचे १० आणि २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला दिलेले १०. एकूण ७२. अशा राज्यात ‘पन्नासची लक्ष्मणरेषा’ हे शब्द फक्त दुसऱ्याच्या मागणीवर बोलताना उच्चारावेत.

गुणवत्तेचा मुद्दा हमखास निघेल. १३ ऑगस्टच्या आदेशातच लिहिलं होतं की खुल्या स्पर्धेत स्वतःच्या गुणांवर निवडलेला मागास उमेदवार कोट्यात मोजायचा नाही. खुली जागा कोणत्याच जातीच्या नावावर नसते, ती सगळ्यांची असते. हे कळलं की ‘आमच्या पन्नास टक्क्यांत पण तेच घुसतात’ हे लाडकं वाक्य सोडावं लागतं. मन घट्ट करा आणि कळू देऊ नका.

आठ लाखांच्या कोड्यासाठी मात्र थोडी तयारी लागेल. ‘ओबीसीला आठ लाखांवर क्रीमी लेयर म्हणता आणि ओपनला आठ लाखांखाली गरीब म्हणता, हा काय न्याय?’ हा टोमणा दोन्ही बाजूंना जमतो, म्हणून तो लोकप्रिय आहे. क्रीमी लेयर म्हणजे ओबीसींतला आरक्षणाबाहेर ठेवलेला वरचा थर. आकडा एकच असला तरी मोजणी वेगळी आहे. ओबीसीच्या दाखल्यात आईवडिलांचं सलग तीन वर्षांचं उत्पन्न बघतात, आणि उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेती धरत नाहीत. पगारदारांसाठी आईवडिलांचं पद बघतात, थेट वर्ग एकमध्ये लागलेल्याची मुलं बाहेर. आर्थिक दुर्बल प्रवर्गात आदल्या एका वर्षाचं कुटुंबाचं सगळं उत्पन्न येतं, पगार आणि शेतीसकट, आणि पाच एकर शेतजमिनीची अट वेगळी. गोंधळ तहसील कचेरीत होतो: ओबीसीच्या अर्जात मुलगा स्वतःचा पगार लिहितो, वडील त्यात शेतीचं उत्पन्न धरतात, आणि पात्र माणसाचा अर्ज परत येतो. हे समजावून सांगणारा कोणाच्या तरी उपयोगी पडतो. वादात तो कंटाळवाणा ठरतो.

आता श्रेय आणि शिव्यांची वाटणी. प्रत्यक्ष आदेश लागू झाला ८ सप्टेंबर १९९३ ला. मध्ये १ ऑक्टोबर १९९० ला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली होती. १६ नोव्हेंबर १९९२ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २७ टक्के मान्य केले, क्रीमी लेयर वगळायला सांगितलं आणि निव्वळ आर्थिक निकषावरचे १० टक्के रद्द केले. ते दहा टक्के १९९१ मध्ये नरसिंह रावांच्या सरकारने घातले होते, आणि १९९३ ची अंमलबजावणीही त्याच सरकारची. तरी रावांना ना शिवी ना हार. त्यांच्या खात्यावर उदारीकरण जमा आहे, तिथे दुसरी नोंद चालत नाही. माणशी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असा सार्वजनिक स्मृतीचा नियम आहे. सिंह यांच्या वाट्याला मंडल आलं.

सरकार कशाने पडलं, हाही सोयीचा प्रश्न. खलनायकवाल्यांनी ‘मंडलने पडलं’ म्हणावं. मसीहावाल्यांनी २५ सप्टेंबरला सोमनाथहून निघालेली अडवाणींची रथयात्रा, २३ ऑक्टोबरची समस्तीपूरची त्यांची अटक आणि भाजपने काढलेला पाठिंबा सांगावा. ७ नोव्हेंबरला लोकसभेत १४२ विरुद्ध ३४६ अशी मतं पडली. ती मोजताना कोणी कारण विचारलं नव्हतं.

मसीहा पक्षाची सर्वांत नाजूक जागा म्हणजे फोटो. ओबीसी मेळाव्याच्या बॅनरवर फुले, शाहू, आंबेडकर असतात, खाली विद्यमान नेते असतात, मग त्यांचे चिरंजीव, मग शुभेच्छुक. व्ही. पी. सिंह शोधून सापडत नाहीत. उत्तर प्रदेशातल्या मांडा संस्थानचा राजा, जातीने ठाकूर; स्वतःच्या जातीने टाकला आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांना तो आपला वाटला नाही. त्यांच्याच सरकारच्या काळात, १९९० मध्ये, बाबासाहेबांना भारतरत्न मिळालं आणि नवबौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. महाराष्ट्रात एवढ्यावर एखाद्या चौकाला नाव पडतं. पुतळा मात्र उभा राहिला चेन्नईत, २०२३ मध्ये. आणि ते गेले २७ नोव्हेंबर २००८ ला, मुंबईवरचा हल्ला चालू असताना, त्यामुळे अग्रलेखांत त्यांना फारशी जागा मिळाली नाही. बॅनरचा विषय कोणी काढलाच तर ‘जागा कमी पडली’ म्हणा.

एल. आर. नाईक यांचं नाव मात्र दोन्ही पक्षांनी टाळावं. मंडल आयोगातले ते एकमेव दलित सदस्य. त्यांनी अहवालावर सही केली नाही. मागासांत जमीन बाळगून असलेले आणि अगदी तळाचे असे दोन गट करा, नाहीतर वरचे खालच्यांचं खातील, असं त्यांचं म्हणणं होतं. ओबीसींचे पोटगट करण्यासाठी २०१७ मध्ये नेमलेल्या रोहिणी आयोगाने केंद्रातल्या १.३ लाख नोकऱ्या आणि प्रवेश तपासले, तेव्हा ९७ टक्के लाभ सुमारे २५ टक्के जातींकडे गेल्याचं दिसलं. ९८३ जातींच्या वाट्याला शून्य. आयोगाने जुलै २०२३ मध्ये अहवाल दिला. तो प्रकाशित करण्याची मागणी ना आरक्षणविरोधक जोरात करतात, ना समर्थक. एवढं एकमत या विषयात दुसरं सापडणार नाही, ते मोडू नका.

पुढच्या हंगामाची तयारी आत्ताच करा. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने येत्या जनगणनेत जाती मोजायचं जाहीर केलंय. महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांतल्या ओबीसी आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा ओबीसींचा ३७ टक्क्यांचा आकडा आडनावांवरून काढल्याची तक्रार ज्यांनी केली, त्यांनाही आता घरोघरची मोजणी मिळेल. आकडा ५२ च्या खाली आला तर मसीहा पक्षाने ‘प्रगणकांनी आमच्या वस्तीत चौकशीच केली नाही’ असा मजकूर तयार ठेवावा. वर आला तर खलनायक पक्षाने ‘सवलतीसाठी लोक मागास झाले’ असा. दोन्ही मजकूर आजच टाइप करून फोनमध्ये ठेवा, टक्केवारीची जागा तेवढी मोकळी सोडा.