नेक्स्टसिब्लिंग बिघडलेला नाही

बेळगावात वेब शिकणाऱ्या पोरांच्या आमच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय: 'नेक्स्टसिब्लिंग वापरू नका, तो बिघडलाय. ब्राउझर मधेच रिकामे नोड घुसडतो आणि यादी संपली तरी नल देत नाही. सगळीकडे नेक्स्टएलिमेंटसिब्लिंग टाका, नाहीतर एचटीएमएल एका ओळीत लिहा.' माझ्याकडे तो चौघांनी पाठवला, म्हणून लिहितो. नवख्यांसाठी: पानाचा प्रत्येक तुकडा म्हणजे नोड, आणि टॅगवाला तुकडा म्हणजे एलिमेंट. जावास्क्रिप्टमध्ये नेक्स्टसिब्लिंग लगेच पुढचा नोड देतो, नेक्स्टएलिमेंटसिब्लिंग फक्त पुढचं एलिमेंट. पुढे काहीच नसेल तर नल, म्हणजे 'काही नाही'.

ब्राउझर काही घुसडत नाही. यूएलमध्ये (यादीच्या टॅगमध्ये) बेळगाव, खानापूर, निपाणी असे तीन एलआय (यादीतल्या नोंदींचे टॅग) एकाखाली एक लिहा, बंद करायचा टॅगही वेगळ्या ओळीवर ठेवा, आणि चाइल्डनोड्सची लेंग्थ, म्हणजे आतल्या नोडांची संख्या, बघा. 7 येते. तीन एलआय, उरलेले चार म्हणजे तुम्हीच मारलेले एंटर. टॅगांमधली मोकळी जागा हाही मजकूरच, तिचा टेक्स्ट नोड होतो. 'बेळगाव'च्या नेक्स्टसिब्लिंगचा नोडटाइप (नोडच्या प्रकाराचा आकडा) छापा: 3, म्हणजे टेक्स्ट. एलिमेंट असता तर 1 आला असता, कॉमेंट असती तर 8. उलट इंटरनेट एक्सप्लोररच 8 व्या आवृत्तीपर्यंत असे नोड गाळून टाकायचा. बिघाड म्हणायचाच तर तो म्हणा.

'सगळीकडे बदला' हा सल्ला मात्र महागात पडतो. मला पडलाय. मराठी-कन्नड शब्दांचं एक पान केलं होतं: मराठी शब्द बी या ठळक अक्षरांच्या टॅगमध्ये, पुढे कन्नड अर्थ नुसताच. पाणी, मग नीरु. दूध, मग हालु. शब्दावर क्लिक केलं की खाली अर्थ दिसायचा. एके दिवशी शहाणपणा करून नेक्स्टएलिमेंटसिब्लिंग लावला आणि 'पाणी'चा अर्थ 'दूध' दिसायला लागला! गवळ्याला आवडलं असतं. 'नीरु'ला टॅग नव्हता, तो टेक्स्ट नोड. त्याला ओलांडून गडी थेट पुढच्या बीवर. आता मी अर्थालाही स्पॅन टॅग देतो, पण दुसऱ्याचं पान वाचायचं असेल तर नेक्स्टसिब्लिंगच लागतो.

एका ओळीत लिहिण्याचं म्हणाल, तर एडिटरने फॉरमॅट केलं की एंटर परत हजर. शिवाय शेजारशेजारच्या दोन लिंकांमधली जागा गेली की त्या स्क्रीनवर चिकटतात.

राहिला नल. 'निपाणी'चा नेक्स्टएलिमेंटसिब्लिंग नलच येतो. नेक्स्टसिब्लिंग विचारलात तर आधी तिथला एंटर मिळेल, त्या एंटरचा पुढचा विचारा, मग नल.