रीबूटनंतर टिकणार का, तेवढं तरी लिहा

लिनक्सच्या मॅन पेजेसबद्दल, म्हणजे कमांड कशी वापरायची ते सांगणाऱ्या पानांबद्दल, माझी एक जुनी तक्रार आहे. सेटिंग बदलायची कशी ते पानंच्या पानं सांगतात, पण मशीन बंद होऊन चालू झाल्यावर ती राहील की उडेल, हे बऱ्याच ठिकाणी सांगतच नाहीत.

खान्देशात हा प्रश्न पुस्तकी नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या घरात असतो, लाइट कधी जाईल नेम नसतो आणि यूपीएसच्या बॅटऱ्या उन्हाने लवकर बसतात. जिनिंगच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर असो की रावेरच्या केळीवाल्याच्या ऑफिसातला सर्व्हर, लाइट गेली की तो आडवा. दुपारी पोराने 'आयपी' कमांडने नेटवर्कचा पत्ता दिलेला असतो, सगळं सुरळीत चाललेलं असतं. संध्याकाळी लाइट येते तेव्हा पत्ता गायब. शेठचा फोन, "भाऊ, दुपारपर्यंत तर चालू होतं ना!" पोरगं मॅन पेज उघडतं, तिथे ऑप्शन सगळे आहेत, हे एक उत्तर नाही.

कारण समजण्यासारखं आहे. 'आयपी' कमांड फक्त चालू कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी बोलते. पत्ता कायमचा करणं हे डिस्ट्रोचं, म्हणजे आपण बसवलेल्या लिनक्सच्या प्रकाराचं काम: उबंटू सर्व्हरवर ते नेटप्लॅन करतं, रेड हॅटवर नेटवर्कमॅनेजर. म्हणून कमांड लिहिणारा आपल्या हद्दीपाशी थांबतो. पण वाचणाऱ्याला ही हद्द माहीत नसते, आणि सगळ्यात जास्त अडतो तो नवखा.

त्यात सेटिंग कायमची लिहायच्या जागाही बदलतात. कर्नलची सेटिंग 'सिसकंट्रोल डॉट कॉन्फ'मध्ये लिहा, हे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 या डिस्ट्रोमध्ये बूट होताना ती फाइल वाचलीच जात नाही, 'सिसकंट्रोल डॉट डी' फोल्डरमध्ये वेगळी फाइल ठेवावी लागते. रिलीज नोट्समध्ये हे दिलंय, पण जुन्या नोट्सवर शिकलेल्या पोराला ते कोण सांगणार?

मनात आणलं तर नीट लिहिता येतं. एसईलिनक्स या लिनक्सच्या सुरक्षा व्यवस्थेतल्या 'सेटसीबूल' कमांडचं पान बघा: पी ऑप्शन दिला नाही तर फक्त चालू किंमत बदलते, बूटच्या वेळची नाही, असं सरळ लिहिलंय. प्रत्येक पानावर अशी एक ओळ हवी, आणि पुढे कुठे बघायचं त्याचा पत्ता. डॉक्युमेंटेशनमध्ये दुरुस्ती पाठवता येते; आपल्याकडच्या जाणत्या मंडळींनी ती पाठवावीच.

आणि कॉलेजात लिनक्स शिकवणाऱ्या सरांना विनंती: प्रॅक्टिकलला आधी मशीन रीबूट करायला लावा, मग मार्क द्या. रेड हॅटच्या परीक्षेतही रीबूटनंतर टिकलेलंच काम धरतात.